कौतिकाबाईंचं बेलर

खरं सांगा, घरातला फ्यूज पुन्हा पुन्हा उडायला लागला की तुम्ही काय करता? तार का जळते आहे ते शोधता, की जाड तार घालून मोकळे होता?

उत्तर ऐकायची मला गरज नाही. माझा अर्धा धंदा त्या जाड तारेवर चालतो.

मी लाखांदूरला शेतीची यंत्रं दुरुस्त करतो, त्यातही जुनी बेलरं. वय फार नाही माझं, पण या कामात वय मोजत नाहीत, हंगाम मोजतात. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा धरणग्रस्तांच्या सभांना जायचे आणि पिशवीभर पत्रकं घेऊन यायचे. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदांवर मी वाचायला शिकलो. त्यामुळे लिहायला बसलो की माझा आवाज आपोआप चढतो. चढला तर चढू द्या. हळू आवाजात लिहिणारे पुष्कळ आहेत.

बेलर म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्याकडे आता धान हार्वेस्टरने कापतात. दाणा ट्रॉलीत जातो आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, शेतात ओळींनी पडून राहतं. ट्रॅक्टरच्या मागे बेलर जोडून त्या ओळींवरून चालवलं की त्याचे दाते तणस उचलून आत ढकलतात. आत एक जड ठोकळा मागेपुढे दणके देत असतो, तो तणस दाबत जातो. गठ्ठा पुरेसा लांब झाला की खालून दोन वाकड्या सुया दोरी घेऊन वर येतात आणि वरच्या पेटीत गाठ पडते. मागच्या दारातून चौकोनी गठ्ठा बाहेर.

गाठ मारणारा भाग म्हणजे एक लोखंडी चोच. दोरी बोटावर गुंडाळून तिचं टोक फासातून ओढायला माणसाला दोन हात लागतात, वर लक्षही लागतं. ही चोच तेच काम एका गिरकीत करते. तिला स्वच्छता हवी, धार असलेली सुरी हवी आणि सारख्या जाडीची दोरी हवी. एवढं दिलं की ती वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. माणसं मात्र तिला भलतंच काही देतात. एका गिऱ्हाइकाने दसऱ्याला बेलरची पूजा केली ती थेट चोचीतच. हळद, कुंकू, अक्षता आणि मागच्या वर्षीचं ग्रीस यांचा आत असा चिखल झाला होता की चोच हलेना. "देवाचं केलं तरी बिघडली जी," तो रडवेला होऊन म्हणाला. मी म्हटलं, "देवाचं बाहेरून करा, आतून ग्रीसचं करा." त्याला ते पटलं नाही. पुढच्या दसऱ्याला त्याने पूजा बाहेरून केली, पण ग्रीसलाही कुंकू लावलंच.

आता ज्या बेलरसाठी हे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो.

पवनीच्या बाजूला एक पुनर्वसन गावठाण आहे. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या गावात रस्ते सरळ आहेत, समाजमंदिर आहे, चराऊ रान नाही. नकाशा काढणाऱ्याच्या घरी म्हैस नसावी. जुन्या गावात नदीकाठ होता, बोडीचा, म्हणजे गावतळ्याचा, काठ होता, सकाळी गुरं सोडली की संध्याकाळी पोट भरून परत यायची. इथे गुरं दावणीला आणि चारा दुसऱ्याच्या शेतात.

गावातली बरीच घरं मासेमारी करणारी. कौतिकाबाई त्यातल्याच. बोडीत नवऱ्यासोबत जाळं ओढत आयुष्य गेलेलं. पन्नाशीच्या पुढच्या, सडसडीत, बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार होतो. त्यांच्या बायकांच्या गटाने पंजाबकडून आलेलं एक जुनं बेलर घेतलं होतं. रंग इतका उडालेला की मूळचा कोणता हे कोणी सांगू शकत नव्हतं. ट्रॅक्टर आणि चालक भाड्याचा. चालकाचं नाव टीकाराम.

गावाशेजारी होमराजजींची मोठी शेती. तणस त्यांनी फुकट दिलं होतं, अट एकच: कालव्याला पाणी सुटायच्या आत शेत मोकळं व्हायला हवं. पाणी सुटलं की नांगरणी, चिखलणी आणि उन्हाळी धानाची रोवणी. तोवर जे तणस उचललं जाणार नाही त्याला काडी. इथे एक गोष्ट मी मुद्दाम मोठ्याने लिहितो. ज्या धरणाने या लोकांचं चराऊ रान घेतलं, त्याच धरणाचं पाणी आता त्यांच्या गुरांचा चारा जाळायची घाई लावत होतं. यात होमराजजींचा दोष नाही. पाण्याचाही नाही. ज्याने दोन्हीकडचा हिशेब एकत्र मांडायला हवा होता, त्याने तो मांडला नाही, एवढंच.

मार्गशीर्षात एका दुपारी कौतिकाबाईंचा निरोप आला. "मिस्तरी, मशीन गाठच नाही मारून राहिली. या लवकर. नाही आले तं म्हशी बाजारात जातीन."

मी पोहोचलो तेव्हा शेतभर फुटलेले गठ्ठे पडले होते. एकेक गठ्ठा उजवीकडून बांधलेला, डावीकडून उसवलेला, जणू एका बाजूची गुंडी तुटलेला सदरा. बायका दाताळी टेकवून उभ्या. टीकाराम ट्रॅक्टरच्या सावलीत बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

"काय गा टीकाराम, केव्हापासून?"

"सकाळपासून. मी म्हणलो, हे बेलर भंगारात टाका. कोणी आयकते का?"

"तुझं ट्रॅक्टर टाकू भंगारात?" कौतिकाबाई म्हणाल्या. "ते बी तं सकाळी धक्का मारल्याशिवाय उठत नाही. तुयासारखंच हाये."

बायका हसल्या. पण कौतिकाबाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. गावात बाजाराचा दलाल दोनदा येऊन गेला होता. त्यांची एक म्हैस गाभण होती. गाभण म्हैस आणि रिकामं कोठार दिसलं की दलालाला वेगळं काही विचारावं लागत नाही.

मी ट्रॅक्टर बंद करायला लावला, चावी खिशात घातली आणि चोच साफ केली. सुरीला धार लावली. दोरी तपासली, ती चांगली होती. चाक हाताने फिरवून रिकामी गाठ मारून पाहिली. दोन्ही गाठी पक्क्या. ट्रॅक्टर लावला. पाच-सहा गठ्ठे सुरेख बाहेर आले, बायकांनी "जमलं, जमलं" म्हटलं, आणि पुढच्याच गठ्ठ्याची डावी दोरी ताडकन तुटली.

गाठ सुटली नव्हती. दोरी तुटली होती. या दोन गोष्टींत फरक आहे. गाठ सुटली तर दोष चोचीचा. दोरी तुटली तर तिच्यावर कोणीतरी जास्त भार टाकतंय.

मी मागच्या दाराकडे गेलो. गठ्ठा बाहेर पडतो त्या दाराला दोन बाजूंनी फिरवायचे दांडे असतात. ते आवळले की दार अरुंद होतं, गठ्ठा जास्त दाबला जातो, जड होतो. सैल केले की हलका. दोन्ही दांडे सारखे हवेत. इथे उजवा दांडा होता तिथे होता, आणि डावा शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला.

"हा कोणी फिरवला?"

उत्तर येईपर्यंत मी पुढे गेलो, मोठ्या चाकाजवळ. तिथे एक बोल्ट असतो, मुद्दाम नरम लोखंडाचा. आत काही अडकलं, भार वाढला, की तो मोडतो आणि बाकी यंत्र वाचतं. मोडणं हेच त्याचं काम. तिथे मला चकचकीत, कडक पोलादाचा बोल्ट दिसला. ट्रॅक्टरच्या कुठल्या तरी भागातला.

आता माझा आवाज चढला. "टीकाराम, हा तू घातला?"

"मंग काय करू? नरमवाला घडीघडी तुटून राहिला. हा घातल्यापासून एकदा बी नाही तुटला."

"नाही तुटणार. हा नाही तुटणार, सुई तुटेल. ठोकळा दणका मारताना सुई आत असली, तर आधी तो नरम बोल्ट मोडतो म्हणून सुई वाचते. ही सुई या देशात आता कोणी बनवत नाही. तुटली तर हे बेलर कोंबड्यांना बसायला ठेवा."

"बापा! एवढं होते का?" टीकाराम खरंच घाबरला. वाईट माणूस नव्हता तो. अडलेल्या माणसाला जे सुचतं ते त्याने केलं होतं. माझ्या पिशवीत नरम बोल्ट होते. कडक काढला, नरम घातला, आणि डावा दांडा सैल करायला गेलो.

"नोको!" कौतिकाबाई मध्ये आल्या. "तो नोको सैल करू भाऊ. तो मीच आवळली."

"काहून?"

त्यांनी जे सांगितलं ते समजायला त्या गावाची एक रीत माहीत हवी. बोडीतले मासे काढले की काठावर त्यांचे ढीग करतात, घरागणिक एक. जो आला नाही, आजारी आहे, भंडाऱ्याला दवाखान्यात आहे, त्याचाही ढीग. ढीग सारखे दिसेपर्यंत या ढिगातली मासोळी त्या ढिगात जाते. मग एकजण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा नाव घेतो. कोणाला काय मिळालं यात कोणाचा डोळा नाही.

मागच्या हंगामात दुसऱ्या शेतातल्या गठ्ठ्यांची वाटणी त्यांनी तशीच केली होती. पण जिथे तणस दाट तिथला गठ्ठा जड, धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या, विरळ ओळीतला हलका. एका घराच्या वाट्याला सगळे हलके आले. भांडण झालं. "मासोळी इकडची तिकडे करता येते," कौतिकाबाई म्हणाल्या, "बांधलेला गठ्ठा कसा करता जी? म्हणून आमी ठरवलो, समदेच घट्ट कराचे. हलका दिसला का आवळाचा एक आटा."

"मग डावाच का आवळला?"

"उजव्या बाजूले दाते फिरते ना. तुमीच सांगून गेले होते, बायांनी तिकडे जाऊ नोका म्हणून."

मागच्या हंगामात सांगितलं होतं खरं. त्यांनी ते पाळलं होतं. न्यायासाठी आवळायचं आणि सांगितलेलं पाळायचं, या दोन चांगल्या गोष्टींनी मिळून डावी दोरी तोडली होती. इतक्या प्रामाणिक कारणाने बिघडलेलं यंत्र मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही.

"आवळून हलका गठ्ठा जड होत नाही," मी सांगितलं. "दाट ओळीतला आणखी जड होतो आणि दोरी तोडतो. बेलरला सारखं खाणं लागतं. ओळ विरळ तर गठ्ठा विरळ. मागचा दांडा त्यात काही करू शकत नाही."

कौतिकाबाईंनी शेतातल्या ओळींवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "म्हणजे वाटणी आधी कराले पायजे. मशीनमंधी जाच्या आधी."

"म्हणजे?"

"ढीग सारखे करतो ना आमी? ओळीच सारख्या करू. दाटीतलं विरळीत ओढू. मंग समदे गठ्ठे सारखे निघतीन का नाही?"

"निघतील."

"दाताळ्यानं ओढत बसाल तं सूर्य बुडेल," टीकाराम म्हणाला. "तुमचं वाटणीचं भूत शेत जाळून टाकेल. आधी बांधून घ्या, मंग भांडा."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तेवढ्यात होमराजजीच धुऱ्यावरून येताना दिसले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. कालव्याला पाणी सुटलं होतं, अपेक्षेच्या आधी.

"कौतिकाबाई, मी का तुमचा दुश्मन हाये का? पण रोवणीचे पऱ्हे तयार होऊन राहिले, पाणी आलं, ट्रॅक्टरचा नंबर उद्या लागला. आता थांबलो तं माझी रोवणी मागे पडते."

"आजची सांज द्या जी. जेवढं निघेल तेवढं नेतो. राहील ते तुमचं."

होमराजजींनी आभाळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "सांज दिली," म्हणाले आणि तिथेच धुऱ्यावर बसले.

मग टीकारामकडे वळून कौतिकाबाई म्हणाल्या, "आणि तू आयक. उसवलेले गठ्ठे घरी नेऊन भांडत बसण्यापरीस थोडं कमी नेऊ, पण सारखं नेऊ. लाव ट्रॅक्टर."

त्या दुपारी मी बेलरपेक्षा बायकांकडेच जास्त पाहिलं. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकत, दाटातलं तणस ओढून विरळात टाकत. मधूनच एखादी कमरेवर हात ठेवून लांबून बघे, जसं काठावरून ढीग बघतात, आणि ओरडे, "त्या धुऱ्याकडे अजून लागते!" मी दोन्ही दांडे सारखे ठेवले, दर काही गठ्ठ्यांनंतर ट्रॅक्टर थांबवून चोच झटकली. टीकारामने एकदा ट्रॅक्टर चालू असताना अडकलेलं तणस काढायला हात घातला, तेव्हा कौतिकाबाईंनी दाताळ्याचा दांडा त्याच्या पाठीवर ठेवला. "हात घरी बायकोले दाखवाचा हाये ना?" त्यानंतर ट्रॅक्टर थांबला की चावी त्यांच्याच कमरेला लटके. गठ्ठे पडत गेले, एकसारखे, जणू विटाच.

सूर्य खाली गेला आणि बोडीकडच्या खोलगट बांदीतली, म्हणजे धानाच्या खाचरातली, एक पट्टी उरली. टीकाराम म्हणाला, "घ्या हाणून." मी तणसाची एक काडी उचलून पिळली. दुपारी अशी काडी कटकन मोडते. ती मोडली नाही, दोरीसारखी वळली. दव पडायला लागलं होतं. ओलं तणस दाबून बांधलं की आत तापतं, बुरशी येते आणि ती खाऊन जनावर आजारी पडतं. मी ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं.

"पट्टीच तं हाये एक," मागून कोणीतरी म्हणालं.

कौतिकाबाईंनी ती काडी माझ्या हातून घेतली, बोटांत वळवली. "नोको. कच्ची सुकट बांधून ठेवली का समदी पोती सडते. हे बी तसंच."

ओळी सारख्या करत बसलो नसतो तर ती पट्टी निघाली असती का? कदाचित. बायका मात्र पुन्हा तसंच करतील, हे मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं आणायला गेलो तेव्हा समाजमंदिरासमोर वाटणी चालली होती. कौतिकाबाई गठ्ठ्यांकडे पाठ करून उभ्या. "हा कोणाचा?" "सुमनचा." "हा?" "म्हाताऱ्या गंगूबाईचा, दवाखान्यातून आली का देऊ." मागच्या वेळी जिचे गठ्ठे हलके निघाले होते, तिने दोन हातांत दोन गठ्ठे उचलले, तोलले, पुन्हा तोलले, खाली ठेवले. "आता काय भांडू बाई," म्हणाली, "भांडाले जागाच नाही ठेवली." कौतिकाबाई पाठमोऱ्याच हसल्या. त्यांची म्हैस दावणीला होती आणि तिथेच राहणार होती.

पण त्यांच्या पाठीमागे, खोलगट बांदीतून धूर वर चढत होता. मी तिकडे गेलो. होमराजजी धुऱ्यावर उभे, हातात काडीपेटी. आग त्यांनीच लावली होती, पण चेहरा मयताला आलेल्या माणसाचा होता.

"ही बांदी ना मिस्तरी," ते म्हणाले, "सगळ्यात आधी पिकते. हलकं धान असते हिच्यात. हार्वेस्टरवाल्याले मी इथूनच सुरू कर म्हणलो असतो, तं तणस कधीचं वाळून, बांधून गेलं असतं. पण मले कोठं मालूम का तुमाले तणस पायजे? कापून झाल्यावर आल्या बाया विचाराले. आधी कोणी एक शब्द बोललं असतं."

बायकांना वाटलं होतं, धान उभं असताना दुसऱ्याच्या शेताबद्दल कसं विचारायचं. होमराजजींना वाटलं होतं, लागत असेल तर विचारतील. मध्ये एक पट्टी जळाली. आमच्या जिल्ह्यात अशा पट्ट्या मोजायला बसलात तर थकाल. शहरातले लोक धुराच्या बातम्या वाचून शेतकऱ्याला शिव्या घालतात. त्या शिव्यांनी आजवर एकही गठ्ठा बांधला गेलेला नाही.

म्हणून, वाचकहो, एक काम करा. हा दिवाळी अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा हलकं धान कापणीला आलेलं असेल. तुमच्यापैकी अनेकांची गावाकडे शेती आहे, कोणी बटईने दिली असेल, कोणी ठेक्याने, कोणाचा भाऊ करत असेल. फराळाचं ताट खाली ठेवा आणि त्याला फोन लावा. दोनच गोष्टी विचारा: तणस कोणाला लागणार आहे, आणि हार्वेस्टर कोणत्या बांदीपासून सुरू होणार आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत नसेल, तर शेजारच्या गावात जाऊन विचारून यायला सांगा. हार्वेस्टर शेतात उतरायच्या आधी. आजच.